परसातील पोटखराबा

घरच्या बागेत रानफुलांना जागा देणे म्हणजे, सोप्या शब्दांत, पावसाळ्याच्या उत्तरार्धात परसात जे आपोआप उगवते ते उगवू देणे आणि जे फुलते ते फुलू देणे होय; ही व्याख्या इतकी सरळ असूनही तिचा अंमल करताना मराठी गृहस्थाला येणारे अपयश इतके सार्वत्रिक आहे की, त्याची कारणे मातीत न शोधता माणसात शोधावी लागतात. बागकामाच्या इतर सर्व शाखांत काही ना काही करावे लागते. या एका शाखेत मात्र बी पेरायचे नाही, खत घालायचे नाही, पाणी द्यायचे नाही, आणि मुख्य म्हणजे खुरपे हातात धरायचे नाही. एवढ्या साऱ्या नकारांचे निष्ठेने पालन करणारा मनुष्य प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात अद्याप आलेला नाही. आरशासमोर उभे राहूनही त्याला तो दिसलेला नाही.

या विषयाच्या अभ्यासाला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे गाव विशेष सोयीचे पडते. दौंडहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे गाव शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी दूरवर ओळखले जाते, आणि जिथे बैलाचे दात मोजून, शेपटी ओढून व उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवण्याची परंपरा आहे, तिथे एखादी गोष्ट निव्वळ दिसायला बरी म्हणून बाळगायची असते हा विचार पचायला जडच जाणार. गाव पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. पर्जन्यछाया म्हणजे सह्याद्रीने ढगांची कसून झडती घेतल्यानंतर जे काही उरेल त्यावर भागवणारा प्रदेश. घोड आणि कुकडी प्रकल्पांच्या कालव्यांनी या तालुक्यात ऊस आणला, आणि उसाबरोबर एक जीवनदृष्टीही आणली, जिच्यानुसार हिरव्या रंगाचे ऊस आणि तण असे दोनच प्रकार संभवतात. कालव्याचे पाणी पोचत नाही तिथे माळरान आहे. माळरान म्हणजे उथळ, खडकाळ मातीची, झाडे विरळ आणि गवत भरपूर अशी जमीन; माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली जे विस्तीर्ण अभयारण्य घोषित झाले, त्याच्या मूळ सीमेत श्रीगोंदा तालुक्याचाही भाग होता. महसुली दप्तराला मात्र माळढोकाचे फारसे कौतुक नाही. सातबाराच्या उताऱ्यावर लागवडीस अयोग्य म्हणून जे क्षेत्र वेगळे दाखवतात त्याला पोटखराबा म्हणतात, आणि ज्या जमिनीवर उत्तरा व हस्त नक्षत्रांच्या पावसानंतर पिवळ्या, जांभळ्या व पांढऱ्या फुलांची झुंबड उडते, ती पुष्कळदा याच सदरात मोडते. शासनाने खराब ठरवलेली ही वस्तू आपल्या पोटच्या परसात आणण्याची इच्छा एखाद्याला व्हावी, इथून गोंधळाला आरंभ होतो.

अशी इच्छा होणाऱ्या मनुष्यास या लेखात ‘गृहस्थ’ असे म्हटले आहे. हा कोणी एक माणूस नव्हे. अनेकांचे तुकडे जोडून तो तयार केलेला असून त्यातील एक मोठा तुकडा लेखकाकडूनच घेतला असल्याचा संशय लेखकाच्या घरातून व्यक्त झालेला आहे. गृहस्थाला ही बाधा बहुधा कास पठारावर होते. साताऱ्याजवळचे हे पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या पश्चिम घाटातील स्थळांपैकी एक असून तिथे ८५० हून अधिक जातींच्या फुलझाडांची नोंद झालेली आहे, आणि फुलांपेक्षा माणसे अधिक होऊ लागल्यामुळे तिथे दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा घालावी लागली. नोंदणी करून, शुल्क भरून, रांगेत उभे राहून आणि पहारेकऱ्याची शिट्टी ऐकत गृहस्थ तिथल्या तेरड्यापुढे गुडघे टेकतो, त्याची छायाचित्रे काढतो व ती नातेवाइकांना पाठवतो. त्याच तेरड्याचा एखादा भाऊबंद घरी मोरीच्या सांडपाण्यावर उगवला, तर त्याला चपलेच्या टाचेखाली कसलीही नोंदणी न करता प्रवेश मिळतो. या विसंगतीची जाणीव परतीच्या प्रवासात कुठेतरी होते आणि गृहस्थ घरात पाऊल टाकताच घोषणा करतो.

“या वर्षापासून परसात खुरपं लावायचं नाही.”

“म्हणजे नेहमीसारखंच की,” गृहिणी म्हणते, “ते जाहीर कशाला करायचं?”

घोषणेनंतर शांत बसावे, एवढेच उरलेले असते. परंतु कृतीविना संकल्प हा गृहस्थाला आळस वाटतो, म्हणून तो रानफुलांच्या बियांचे पाकीट मागवतो. आपोआप येणारी गोष्ट टपालाने मागवणे यात काही विचित्र आहे, असे त्याच्या मनात येत नाही. पाकिटावर ‘रानफुलांचे मिश्रण’ असे लिहिलेले असते आणि उगवून येतात ते झिनिया, नारिंगी कॉसमॉस आणि झेंडूची एक खुजी जात, म्हणजे तिघेही मूळचे मेक्सिकोकडचे. येथे थोडे विषयांतर करून सांगणे भाग आहे की, मेक्सिको व त्याच्या शेजारच्या प्रदेशांनी काष्टीच्या परसावर केलेले उपकार मोजण्यापलीकडचे आहेत. ज्याच्या तोरणाशिवाय दसरा झाल्यासारखा वाटत नाही तो झेंडू तिकडचा. खरचटलेल्या गुडघ्यावर पोरे ज्याचा पाला चुरगाळून लावतात तो दगडीपाला, म्हणजे लांब दांड्यावर एकुलते पांढरट-पिवळे फूल धरणारी एकदांडी, तीही तिकडची. आणि १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस येऊन नंतर देशभर पसरलेले गाजरगवत, ज्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते व ज्याच्या परागांनी शिंका थांबत नाहीत, तेही तिकडचेच. सगळे एकाच गावचे पाहुणे. परंतु एकाला देव्हारा मिळाला, दुसऱ्याला गुडघा मिळाला आणि तिसऱ्याला शिव्या. या तिसऱ्याला लोक काँग्रेस गवत असेही म्हणतात, आणि तालुक्यातील पुढाऱ्यांनी पक्ष कितीही वेळा बदलले असले तरी या गवताने आपले नाव बदललेले नाही, ही निष्ठा उल्लेखनीय आहे.

गृहस्थाच्या प्रकरणात पुढे असे झाले की, पेरलेल्या वाफ्याच्या कडेला गाजरासारख्या नाजूक पानांचे एक रोप आले आणि त्यावर बारीक पांढऱ्या फुलांचा शिडकावा दिसू लागला. हे पाकिटातील सर्वांत दुर्मीळ फूल असावे असे समजून गृहस्थाने त्याच्याभोवती विटांचे गोल कुंपण केले, त्याला सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घातले आणि त्याच्याशेजारी बसून चहा घेण्याचा पायंडा पाडला. शेजारच्या घरातील शाळकरी मुलगी चेंडू शोधत आत आली तेव्हा या रोपाची ओळख पटली.

“काका, तुम्ही काँग्रेस गवत पाळलंय?”

तोवर गृहस्थाच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पुरळ उठले होते, आणि त्याचे खापर नव्या साबणावर फोडून घरातील साबण दोनदा बदलून झाला होता. या गवताच्या बंदोबस्तासाठी मेक्सिकोतूनच आणलेला एक भुंगा १९८४ साली बंगळूर येथे सोडण्यात आला आणि तो या गवताची पाने आवडीने खातो, अशी माहिती गृहस्थाला मिळाली. मग त्याने गवत ताबडतोब न उपटता भुंग्याची वाट पाहण्याचे ठरवले. भुंग्याला काष्टीचा पत्ता सापडण्यापूर्वीच गृहिणीने हातमोजे घालून तो विषय मुळासकट संपवला. अनोळखी झाडाला शोभेसाठी घरात घ्यावे की नाही, यावर घाणेरीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात तिला शोभेचे झुडूप म्हणून मानाने आणले आणि आता तिने वाघांची जंगले व्यापली आहेत. गृहस्थाचे परस वाचले ते केवळ परसाचा आकार फार नसल्यामुळे.

पाकिटाचा नाद सुटल्यावर खरी रानफुले दिसू लागली. टोकाशी गुलाबी व खाली पांढरे होत जाणारे तुरे घेऊन कुर्डू आला, पिवळ्या फुलांचा टाकळा आला, उलट्या काट्यांसारखी फळे चढत्या दांडीवर माळून आघाडा आला, आणि ओलसर कोपऱ्यात केना पसरला. केन्याचे निळे फूल सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटते, म्हणून गृहस्थाने त्याचे दर्शन घेण्यासाठी पहाटे उठण्याचा बेत केला व तो इतर पहाटे उठण्याच्या बेतांच्या शेजारी नीट रचून ठेवला. या वनस्पतीचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, तिला जमिनीखालीही फुले येतात, जी कधी उमलत नाहीत परंतु आतल्या आत बी धरतात. वरचा प्रपंच उखडला गेला तरी खालचा चालू राहावा, अशी ही तजवीज आहे. तिची किंमत गृहस्थाला लवकरच कळली.

खुरपणी, म्हणजे जमिनीवर बसून खुरप्याने तण काढण्याचे काम, या भागात बहुतेक ठिकाणी स्त्रिया मजुरीने करतात. कांद्याच्या वाफ्यात बोटभर रोप आणि बोटभर तण यांतील फरक न पाहता केवळ स्पर्शाने ओळखण्याइतका त्यांचा हात तयार असतो. लसणाच्या एका वाफ्यासाठी बोलावलेल्या मावशींना गृहस्थाने ‘बाकी कशाला हात लावू नका’ असे सांगितले होते. पण अर्धा वाफा संपताच मावशींना डाव्या बाजूचे जे दृश्य दिसले, ते पाहून हात आवरणे त्यांच्या व्यवसायधर्मात बसणारे नव्हते. गृहस्थ चहापत्ती घेऊन येईपर्यंत परस तळहातासारखे स्वच्छ झाले होते.

“मावशी, अहो, ती फुलं होती!”

“फुलं कुठली वो, कुर्डू हुता सगळा. रान नुसतं माजलं हुतं.”

“मुद्दाम ठेवली होती मी.”

मावशींनी खुरपे खाली ठेवले, गृहस्थाकडे नीट पाहिले आणि आत जाऊन गृहिणीला आवाज खाली आणून विचारले, “दादांची तब्येत बरी हाय नव्हं?” अधिकच्या कामाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. आजारपण असलेल्या घरातून जास्त घेऊ नये, ही त्यामागील भावना गृहस्थाला फार लागली.

रानफुले मात्र मावशींनाही पुरून उरली. पंधरा दिवसांत केना जमिनीखालून आणि कुर्डू कुठून तरी पुन्हा हजर झाला, आणि आता सामाजिक अडचणींचे पर्व सुरू झाले. खेड्यात वाढलेले परस हे पाहणाऱ्याच्या दृष्टीने निसर्ग नसून पुरावा असते. घराला कुलूप असावे, मालक पुण्यात मुलाकडे गेलेला असावा, किंवा भावाभावांत जागेवरून दावा चालू असावा, एवढेच अर्थ त्यातून निघू शकतात. एकजण जागा विकायची आहे का म्हणून विचारून गेले. दुसऱ्यांनी वकिलाचे नाव सुचवले. शेजारचे तात्या दररोज सायंकाळी कुंपणावरून डोकावत आणि एकच वाक्य बोलत: “लांबडं निघंल एखांद्या दिवशी.” लांबडं म्हणजे साप, ज्याचे नाव दिवेलागणीनंतर उच्चारायचे नसते. साप गवताच्या सौंदर्यासाठी येत नसून उंदरांच्या मागावर येतो आणि उंदीर राहतात ते तात्यांनीच सामाईक भिंतीला टेकून रचलेल्या पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या, ढिगाऱ्यात, ही माहिती गृहस्थाने त्यांना दिली. त्यावर तात्यांनी शांतपणे सांगितले की, ढिगाऱ्यातला साप आपला ओळखीचा आहे.

सरकारी दृष्टिकोनाकडे वळावे तर तिथे दोन दृष्टी आहेत. स्वच्छतेच्या मोहिमा आल्या की कोणत्याही गावात मोकळ्या जागेतील गवत काढण्याचा हुकूम निघतो. तर २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने गावातील झाडाझुडपांची लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी, अशी तरतूद आहे. दोन्ही कामे एकाच कार्यालयातून व्हायची असल्याने, नोंद करणाऱ्याने साफ करणाऱ्याच्या एक दिवस पुढे राहावे, एवढीच व्यावहारिक सूचना अभ्यासकाला करता येते. गृहस्थाने या सगळ्यावर उपाय म्हणून ‘येथे रानफुले जाणीवपूर्वक जोपासली आहेत’ अशी पाटी लावली. तिचा परिणाम तत्काळ दिसला. गावात अशी समजूत पसरली की, रानफुलांची काही नवी योजना आलेली असून ती फक्त ओळखीच्यांना सांगितली जात आहे.

“गुंठ्याला किती बसतं अनुदान?” दूध घालायला आलेल्या माणसाने विचारले.

“अनुदान नाही हो. असंच ठेवलंय.”

“नका सांगू,” तो दुखावून म्हणाला, आणि दोन दिवस दुधात पाणी जरा जास्त आले.

एवढे होऊन भाद्रपद उजाडला. फुलांना खरा बहर आला आणि इथे गृहस्थाच्या योजनेतील मूलभूत दोष उघड झाला. रानफुले ज्या दिवसांत फुलतात, त्याच दिवसांत पंचांगही फुलते, हे त्याने लक्षात घेतले नव्हते. परसाकडे आजवर ढुंकूनही न पाहणाऱ्या घरातील आजी हरतालिकेच्या सकाळी परडी घेऊन बाहेर आल्या व आघाडा घेऊन आत गेल्या. दुसऱ्या दिवशी गणपतीच्या पत्रीसाठी, म्हणजे पूजेत वाहायच्या एकवीस प्रकारच्या पानांसाठी, दूर्वा, माका, धोत्रा आणि उरलासुरला आघाडा गेला. एवढेच नव्हे तर, ज्या आळीने या परसाला महिनाभर नावे ठेवली होती त्या आळीतील पाच घरांची पत्रीही इथूनच गेली. तिसऱ्या दिवशी ऋषिपंचमी होती. या दिवशी बैलाच्या श्रमाने पिकलेले अन्न खायचे नाही असा नियम असल्याने आजींनी कुर्डूची कोवळी पाने भाजीसाठी खुडायला घेतली, तेव्हा गृहस्थाने धीर करून हरकत नोंदवली.

“आजी, ही बाग आहे.”

“म्हणून तर. ऋषींना याहून शुद्ध कुठं मिळायचं? इथं बैलानं सोड, माणसानंसुद्धा कधी काम केलेलं नाही.”

गौरींच्या दिवशी तेरडा गेला. काही घरांत मुळासकट उपटलेला तेरडा हीच गौर असते आणि त्याची मुळे ही तिची पावले मानतात, म्हणून त्याला विरोध करणे म्हणजे साक्षात माहेरवाशिणीला दारात अडवणे झाले असते. तेरड्याचा रंग तीन दिवस असे म्हणतात आणि गौरीही घरात तीनच दिवस असते, त्यामुळे हिशेब अगदी चोख जुळला. फक्त ते तीन दिवस तेरड्याने मातीऐवजी पाटावर काढले. पितृपक्ष लागेपर्यंत परसात जे दृश्य उरले होते, ते मावशींच्या खुरपणीनंतरच्या दृश्याहून फारसे वेगळे नव्हते, आणि या वेळी दाद मागायला कोणी परकेही नव्हते.

नंतरच्या शनिवारी तात्यांनी बाजारातून शेळी आणली. तिचे दावे, म्हणजे बांधायची दोरी, ज्या खुंट्याला होते तो खुंटा त्या पाचटाच्या ढिगात रोवलेला असल्यामुळे शेळी ढिगासह फिरू शकत होती व फिरलीही. तिने उरलेला टाकळा, केना, बहरात आलेले झिनिया आणि ‘येथे रानफुले’ एवढ्या अक्षरांपर्यंत पुठ्ठ्याची पाटी खाल्ली. तिने तोंड लावले नाही ते एकट्या तरवडाला, कारण तरवडाचा पाला जनावरे सहसा खात नाहीत. कुंपणालगतची तरवडाची तीन झुडपे तेवढी जशीच्या तशी राहिली. नुकसान पाहायला आलेल्या तात्यांनी शेळीच्या पाठीवरून कौतुकाने हात फिरवला आणि म्हणाले, “बघा, मुक्या जनावरालासुद्धा कळतं, काय साफ करायचं ते.”

तरवड हे माळावरचे कणखर झुडूप आहे. त्याची साल कातडी कमावण्यासाठी फार पूर्वीपासून वापरात असून त्याची फुले गर्द पिवळी, भरघोस असतात. तेलंगणात त्याला तंगेडू म्हणतात आणि ते त्या राज्याचे राज्यफूल आहे. तिथल्या बतुकम्मा सणात तरवड आणि कुर्डू यांचीच फुले थरावर थर लावून रचतात, म्हणजे काष्टीच्या परसातून ज्या दोघांना हाकलण्यासाठी महिनाभर खटपट झाली ते दोघे शेजारच्या राज्यात राजमान्य आहेत. आपल्याकडेही पुष्कळ घरांत नवरात्रात घटावर रोज एक माळ सोडतात आणि तिच्यात तरवडाची फुले ओवतात. मातीत धान्य पेरून, नऊ दिवस त्याला पाणी घालून, येईल तो कोंब हात जोडून पाहणारा हा सण खुरपणी करणारा समाजच साजरा करतो, ही गोष्ट अभ्यासकांनी नजरेआड करू नये.

तात्यांच्या बांधावर तरवड भरपूर होता. तथापि श्रावणातच त्यांनी बांध ‘एकदम क्लीन’ करण्यासाठी तणनाशक मारले होते आणि आता तो बांध खरोखरच क्लीन होता. घटस्थापनेच्या पहाटे, गृहस्थ केन्याचे फूल पाहण्यासाठी म्हणून प्रथमच लवकर उठला असता, त्याला कुंपणापाशी धोतराचा सोगा वर धरून, बॅटरीच्या उजेडात पाऊल जपून टाकणारे तात्या दिसले. दोघेही थोडे ओशाळले. तात्यांनी ओंजळभर फुले घेतली, दुसऱ्या दिवशीही घेतली, आणि पाचव्या माळेपर्यंत त्यांच्या पाठोपाठ आळीतील आणखी चार घरे रांगेत उभी राहू लागली. नवव्या दिवशी झुडपांवर मोजकी फुले उरली, तेव्हा तात्यांनी निघता निघता मागे वळून सल्ला दिला.

“पुढल्या साली जरा जास्त लावा. आणि बुडातलं ते गवत तेवढं काढून घ्या. पहाटे फुलं तोडताना लांबड्याचं भ्या वाटतं.”